दोन त्रिकोणांच्या बाजू नऊ वेळा छेदत नाहीत : एक खुलासा

मुंबईतील पालक आणि शिष्यवृत्तीचे विद्यार्थी यांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे की, दोन बहुभुजाकृतींच्या सीमा जास्तीत जास्त किती वेळा छेदतात हे काढण्यासाठी बाजूंच्या संख्यांचा गुणाकार करावा, म्हणजे दोन त्रिकोणांसाठी उत्तर ९ येते. हे उत्तर चूक आहे.

कागदावर त्रिकोण काढून त्यावर पट्टी कशीही तिरकी ठेवून पाहा. शिरोबिंदू टाळून जाणारी रेषा त्रिकोणात एकदा शिरते आणि एकदाच बाहेर पडते, म्हणून ती तिन्ही बाजूंना छेदू शकत नाही. दुसऱ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू अशा प्रकारे फार तर दोन छेद देते आणि एकूण ६ होतात. एकावर एक उलटे ठेवलेले दोन समभुज त्रिकोण ते सहा छेद दाखवतात.

गुणाकाराचा नियम अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवे. दोन्ही आकृतींच्या बाजूंची संख्या सम असेल तर तो खरा ठरतो : बाणाच्या टोकासारखे दोन निमुळते अंतर्वक्र (एक कोपरा आत वळलेले) चौकोन एकमेकांवर आडवे-उभे ठेवले तर १६ छेद मिळतात, मात्र बहिर्वक्र (एकही कोपरा आत न वळलेल्या) चौकोनांना ८ च्या पुढे जाता येत नाही. दोन्ही संख्या विषम असतानाचा प्रश्न खरोखर अवघड असून, अॅकरमन, केसेग आणि रोटे या संशोधकांनी २०२० मध्ये त्यासाठी जवळजवळ अचूक मर्यादा सिद्ध केली.

परीक्षेच्या तोंडावर मुले हेच सूत्र पाठ करत आहेत, त्यामुळे तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि ज्यांना आधीच पाठवला असेल त्यांना ही दुरुस्ती कळवावी.