एमसीबी बदलण्याआधी करंटचे सेटिंग समजून घ्या

गेल्या आठवड्यात ताईने एक संदेश मला पुढे पाठवला आणि खाली लिहिले, “एमसीबी सारखा पडतो. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मोठा बसवून घेऊ का?” संदेशाचा मथितार्थ असा: घरी इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना करंट नेहमी कमाल ठेवावा, कमी करंटने बॅटरी खराब होते आणि वीजही वाया जाते, ३२ अँपिअरवर ठेवल्यास गाडी दुप्पट वेगाने चार्ज होते, आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत असेल तर १६ ऐवजी ३२ अँपिअरचा बसवावा. हाच संदेश याआधी तीनदा वाचून मी दुर्लक्ष केले होते. आता तो माझ्या बहिणीच्या घरातल्या भिंतीपर्यंत पोहोचला आहे.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. एमसीबी गाडीसाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ती कशी बसवली आहे त्यानुसार, साधारण २० ते २७ अँपिअर पेलते. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३२ चा एमसीबी सुमारे ३६ अँपिअरला तासभर पडत नाही; तासाभरात तो नक्की पडावा, यासाठी करंट ४६ अँपिअरच्या पुढे जावा लागतो. म्हणजे वायर आतल्या आत तापत राहील, तिचे आवरण करपेल आणि एमसीबी मात्र जागचा हलणार नाही. हा सल्ला देणाऱ्याने वायरची जाडी विचारण्याचीही तसदी घेतलेली नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

मी ताईकडे जाऊन प्लग काढून पाहिला. एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडले होते आणि सॉकेटची पकड ढिली झाली होती. अशा लूज कॉन्टॅक्टचा रोध ०.१ ओहम जरी धरला, तरी १६ अँपिअरला त्या एका ठिपक्यात २५ वॅटहून अधिक उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते, हे लक्षात घ्यावे. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तोच करंट १० अँपिअर केला की ती १० वॅटवर येते. गीझर थोडा वेळ चालतो, गाडी मात्र आठ-दहा तास सलग करंट ओढते, आणि सेटिंग कमी करण्याची सोय नेमकी यासाठीच दिलेली असते.

कमी करंटने बॅटरी खराब होते, हे निखालस खोटे आहे. ४० किलोवॅट-तासांच्या बॅटरीला घरचे ७ किलोवॅटसुद्धा सौम्यच असतात. फास्ट चार्जर तिला ५० किलोवॅट आणि त्याहून अधिक देतो.

वीज वाया जाण्याच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे, ते मान्य करावे लागेल. चार्जिंग चालू असताना गाडीची स्वतःची यंत्रणाही जागी असते. ती २५० वॅट घेते असे समजले, तर २३० व्होल्टला ६ अँपिअरवर तो वाटा सुमारे १८ टक्के होतो आणि १६ अँपिअरवर ७ टक्के. त्यामुळे गरज नसताना ६ वर ठेवू नये, एवढाच याचा अर्थ निघतो.

राहिला दुप्पट वेगाचा दावा. आयईसी ६१८५१ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गाडीबाहेरचा चार्जर केबलमधल्या पायलट तारेवरून गाडीला एक संकेत पाठवतो आणि जास्तीत जास्त किती करंट घेता येईल, ही मर्यादा कळवतो. ती ओलांडण्याची मुभा गाडीला नसते. पण गाडीतला चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल, तर ३२ ची परवानगी मिळूनही ती १४-१५ अँपिअरच घेईल.

ताईच्या गाडीचे सेटिंग मी १० वर आणले आहे. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात भिंतीतून २३ युनिट जातात आणि तिच्या रोजच्या फेऱ्यांना ते पुरून उरतात. इलेक्ट्रिशियन उद्या येणार आहे, पण सॉकेट बदलायला आणि वायरची जाडी पाहायला. एमसीबी १६ चाच राहील.