समुद्राला बाटलीत कसे उतरवावे

तुम्ही नवे रसायन बाजारात आणताय, ते वाहत वाहत समुद्रातच जाणार आहे, आणि कुणीतरी खवचटपणे विचारलंय, ‘तिथे त्याचं विघटन होतं का हो?’ घाबरू नका. समुद्र कितीही मोठा असला तरी त्याला बाटलीत उतरवता येतं.

आधी सोपी वाट. ओईसीडी या (बहुतेक श्रीमंत) देशांच्या संघटनेने ठरवून दिलेली ३०१ क्रमांकाची चाचणी करा. तिथे सांडपाणी प्रकल्पातला गाळ चालतो, म्हणजे खायला वखवखलेले जिवाणू आयतेच मिळतात. रसायनाच्या पूर्ण विघटनाला जेवढा ऑक्सिजन लागेल, त्याच्या ६० टक्के २८ दिवसांत संपला की डब्यावर ‘जैवविघटनशील’ छापा. कुठे, ते छापू नका.

कुणी हट्टच धरला तर ३०६ आहे, खास समुद्राच्या पाण्यासाठी. इथे गाळ नाही, पाण्यात असतील तेवढेच जिवाणू, म्हणून जरा पंचाईत होते. पण नायट्रोजन-फॉस्फरसचा खुराक घालायला परवानगी आहे. तापमान १५ ते २० अंश ठेवा. खोल समुद्रात ते ४ अंशांच्या आसपास असतं, पण तिथे बघायला कोण जातंय! रसायन लिटरमागे काही मिलिग्रॅम घाला. खऱ्या समुद्रात ते याच्या हजारपट, लाखपट विरळ असतं, इतकं की जिवाणूंना त्याची चवही लागत नाही. आणि निकाल वाईट आला तर हताश होऊ नका: या चाचणीत नापास होणं म्हणजे विघटन होतच नाही असा अर्थ नव्हे, हे त्या नियमावलीतच लिहिलंय. अशी परीक्षा आम्हाला शाळेत का नव्हती?

निर्जंतुक पाण्याची जोडबाटली मात्र टाळता आली तर पाहा. तिच्यामुळे कळतं की तुमचं रसायन जिवाणूंनी खाल्लं नव्हतं, नुसतं काचेला चिकटलं होतं किंवा हवेत उडालं होतं. अशा चोंबड्या बाटलीचा काय उपयोग?

मूळ रेणू दिसेनासा झाला की तिथेच थांबा. त्याचं काय झालं हे विचारू नका. डीडीटीचंही विघटन होतं. त्यातून डीडीई बनतं आणि ते प्राण्यांच्या चरबीत ठाण मांडून बसतं.

आणि आदर्श हवा असेल तर ट्रायब्युटिल टिनचा ठेवा. जहाजांच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून ते रंगात घालत. पाण्यात ते काही दिवसांत, फार तर आठवड्यांत निम्मं होई. झकास! मग समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, लिटरमागे काही नॅनोग्रॅमने. २००१ साली बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो लागू व्हायला २००८ उजाडलं. तळाच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नाही, तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं.

पण गाळाची चाचणी वेगळी, तिचा खर्च वेगळा. तुम्हाला तर फक्त पाण्याबद्दल विचारलं होतं.