बेताळाला व्हँपायर म्हणू नका

रविवारी जेवताना भाच्याने मोबाईलमधून मान वर काढली आणि विचारलं, "मामा, आपला बेताळ म्हणजे व्हँपायरच ना?" हुमणाचा घास हातातच राहिला.

पोराची चूक नाही. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने वेताळपंचविशीतल्या गोष्टी १८७० साली इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हँपायर, म्हणजे कबरीतून उठून रक्त पिणारं प्रेत, करून टाकलं. ते नाव अजून चिकटून आहे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ प्रेतात शिरलेला असतो, एवढंच काय ते साम्य. तो राजाला कोडी घालतो आणि शेवटी कपटी जोग्यापासून त्याचा जीवही वाचवतो.

गोव्यात तर बेताळ देव आहे. आमोण्याचा बेताळ, लोलयेचा बेताळ. लहानपणी आजीने मला देवाला वाहिलेल्या चामड्याच्या वहाणा दाखवल्या होत्या. जाड, ओबडधोबड, माझी दोन्ही पावलं एकीत मावतील एवढ्या. "रात्रभर गावाची राखण करत फिरतो रे तो, वहाणा झिजतातच," आजी म्हणाली. अंधारात अंगणात जायची माझी भीती त्या दिवशी गेली. म्हणून भाच्याचा प्रश्न मला लागला.

आणि युरोपातला व्हँपायर तरी सिनेमातल्यासारखा कुठे होता? तिकडच्या खेड्यांतल्या समजुतीत तो फिकट, देखणा सरदार नव्हे, तर फुगलेला, लालबुंद शेतकरी असे. उन्हाने तो जळून जातो ही कल्पना तर १९२२ च्या एका जर्मन मूकपटातून रुळली. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच वारला आणि पाठोपाठ आठवड्याभरात नऊ माणसं गेली. लोकांनी त्याची कबर उघडली, तर तोंडाशी रक्त. छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळलं. तिथे हजर असलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने हे सगळं लिहून ठेवलं आहे. प्रेत कुजताना आत वायू साठतो, पोट फुगतं, काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसते, म्हणून नखं वाढल्यासारखी दिसतात. त्या गावकऱ्यांनी पाहिलं ते खरंच होतं, लावलेला अर्थ चुकला.

पण मला सर्वांत जास्त छळते ती मर्सी ब्राऊन. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची, १९ वर्षांची मुलगी. आई आणि थोरली बहीण आधीच क्षयाने गेलेल्या. १८९२ च्या जानेवारीत तीही गेली. भाऊ एडविनही अंथरुणाला खिळलेला. मार्चमध्ये गावकऱ्यांनी तिघींची प्रेतं तपासली. कडाक्याच्या थंडीत ठेवलेलं मर्सीचं प्रेत जवळजवळ जसंच्या तसं होतं. हीच भावाला खाते, असं ठरलं. तपासणाऱ्या डॉक्टरने क्षयच असल्याचं सांगितलं, तरी तिचं काळीज जाळून ती राख पाण्यातून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने त्याच्या दहा वर्षं आधीच, १८८२ साली, जगापुढे मांडला होता.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे व्हँपायर कोणीच नव्हतं? सगळी आजारीच माणसं?"

होय रे बाबा, आजारी माणसं आणि घाबरलेले शेजारी.

येत्या रविवारी त्याला आमोण्याला नेतोय. आजीने मला दाखवलं होतं, ते आता त्याला दाखवायचंय.