व्हिडिओतल्या छातीवर इलेक्ट्रोड लागत नाहीत

परवा रात्री वहिनींचा फॉरवर्ड आला, खाली प्रश्न: "भाऊजी, भरू का पैसे? उद्या शेवटची तारीख आहे." इथे न्यू जर्सीत त्यांच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो आठवडाभर फिरतोय म्हणे. मजकूर असा: १५ दिवसांत घरबसल्या ईकेजी टेक्निशियन व्हा, अमेरिकन सरकारचं आजीव लायसन्स मिळवा, भारतातली डिग्री असेल तर थेट परीक्षा, एच-४ व्हिसावरही (म्हणजे एच-१बी वाल्यांच्या जोडीदारांच्या व्हिसावर) नोकरी पक्की. (ईकेजी म्हणजे आपला ईसीजीच. जर्मन शब्दातला 'के' इथल्या लोकांनी सोडला नाही, एवढंच.)

मी हॉस्पिटलात मॉनिटरसमोर रात्रपाळ्या काढतो. वाचून डोकं फिरलं.

'सरकारचं लायसन्स': अमेरिकन सरकार ईकेजीचं लायसन्स देतच नाही, आणि बहुतेक राज्यंही मागत नाहीत. असतं ते सर्टिफिकेशन, तेही खासगी संस्थांचं. नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनचं 'सीईटी' (सर्टिफाइड ईकेजी टेक्निशियन) जास्त चालतं. कोर्सवाले शेवटी जो रंगीत कागद देतात, तो त्यांचा स्वतःचा. आता, कायद्याने सक्ती नाही म्हणून काही ठिकाणी बिनसर्टिफिकेटचा माणूस घेऊन हाताखाली शिकवतात, हे खरं. पण मग या कोर्सला तरी पैसे कशाला?

'आजीव': सीईटीचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं. पुढे.

'घरबसल्या': खरा संताप इथे. परीक्षा घरून देता येते, मान्य. पण सीईटीसाठी प्रशिक्षण किंवा कामाचा अनुभव तर लागतोच, शिवाय जिवंत माणसांवर किमान दहा ईकेजी काढल्याचा पुरावा द्यावा लागतो. भारतातली बी.एस्सी. असली तरी यातून सुटका नाही. ही अट उगाच नाही. बारा लीडच्या, म्हणजे हृदयाची वीज बारा बाजूंनी टिपणाऱ्या, ईकेजीला दहा इलेक्ट्रोड लागतात: चार हातापायांना, सहा छातीवर. छातीवरच्या सहांतला पहिला, व्ही-१, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजव्या कडेला, बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत. ती फट बोटांनी बरगड्या चाचपूनच सापडते, आणि माणूस जाडा असेल, कण्हत असेल, घामाने पट्ट्या सुटत असतील, तर अनुभवी हातही चुकतो. व्ही-१, व्ही-२ एक फट वर लागले की धडधाकट माणसाच्या कागदावर जुन्या हार्ट अटॅकचा भास होऊ शकतो. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट झाल्या की पहिली लीड उलटी येते आणि हृदय उजवीकडे आहे की काय असं वाटतं. मशीन बिचारं जे मिळेल ते छापतं. पंधरा दिवस व्हिडिओ बघून आलेल्या माणसाच्या हातात तुम्ही आपल्या बाबांना द्याल का, वहिनी?

'एच-४ वर नोकरी': सर्टिफिकेट म्हणजे वर्क परमिट नव्हे. २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना ते मिळतं. ढोबळ मानाने, ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीनकार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना. आमच्या दादाचं अजून सुरूही झालेलं नाही. परवान्याशिवाय पगार घेतला तर वहिनींचा व्हिसा-स्टेटसच धोक्यात येईल. फॉरवर्डमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

मी वहिनींना म्हटलं, त्या नंबरवर एवढंच विचारा: दहा माणसं कुठे देणार आणि बाजूला कोण उभं राहणार? दहा मिनिटांत उत्तर आलं: "मॅम, तुमच्यासाठी फी अर्धी करतो."