त्सुनामी आणि साथ: बेटावरील शाळेला आराखडा एकच लागतो

बेटांवरील शाळांच्या आपत्तीतयारीविषयी एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: त्सुनामीत मुलांना एकत्र आणावे लागते आणि साथीत त्यांना एकमेकांपासून लांब ठेवावे लागते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदम शिकवल्या तर मुले ऐन वेळी गोंधळतील; दोन्ही संकटे एकाच वेळी येण्याची शक्यता नगण्य आहे; साथीत शाळा बंदच असतात; त्सुनामीची सूचना देणारी यंत्रणा आता सगळीकडे उभी आहे; आणि लहान बेटांना दोन-दोन आराखड्यांचा खर्च झेपणारा नाही, म्हणून आधी एक तयारी पूर्ण करावी आणि दुसरीचे नंतर पाहावे. मजकूर वरवर समंजस वाटतो. त्यातला एक मुद्दा अंशतः खराही आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

आधी शक्यतेचा मुद्दा घेऊ, कारण तो खोडण्यासाठी तर्काचीही गरज नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रात हुंगा टोंगा-हुंगा हापाई या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्यातून उठलेल्या त्सुनामीने अनेक बेटांना झोडपले. समुद्राखालची दूरसंचार केबल तुटली, आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्यात राख मिसळल्याने पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या दिवसापर्यंत टोंगाने आपल्या सीमा बंद ठेवून कोविडला जवळजवळ पूर्णपणे बाहेर रोखले होते. तिथे एकच रुग्ण नोंदला गेला होता. म्हणूनच मदतसामग्री माणसांचा संपर्क न होऊ देता उतरवण्याचा प्रयत्न झाला, आणि मदत घेऊन आलेल्या ऑस्ट्रेलियन नौदलाच्या जहाजावर तर वीसहून अधिक खलाशी कोविडबाधित निघाले. तरीही फेब्रुवारीच्या आरंभी बंदरावर काम करणाऱ्या दोघांना लागण झाल्याचे आढळले आणि देशात टाळेबंदी लागू झाली. त्सुनामी आणि टाळेबंदी यांच्यामध्ये तीन आठवड्यांचेही अंतर नव्हते.

याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. बेटावर मदत ज्या वाटेने येते, बहुधा त्याच वाटेने साथही येते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून निघालेले ‘तालुने’ हे जहाज प्रशांत महासागरातल्याच पश्चिम सामोआच्या (आजच्या सामोआ देशाच्या) किनाऱ्याला लागले, त्यावरील आजारी प्रवाशांना उतरू दिले गेले, आणि इन्फ्लुएन्झाने काही आठवड्यांत तिथल्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा गिळला. शेजारच्या अमेरिकन सामोआत राज्यपाल जॉन पॉयर यांनी जहाजांवर कडक विलगीकरण लादले होते; तिथे या साथीने एकही बळी गेला नाही. ज्या पश्चिम सामोआला आज नुसते सामोआ म्हणतात, तिथेच २९ सप्टेंबर २००९ रोजी त्सुनामीने सुमारे दीडशे माणसे नेली आणि २०१९ च्या अखेरीस गोवराने ८३ जणांचा बळी घेतला, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती. एकाच पिढीतल्या शिक्षकांनी हे दोन्ही पाहिले. त्यांना ‘आधी एक, मग दुसरे’ असा क्रम कोणत्या आधारावर सांगायचा?

आता परस्परविरोधाचा मुद्दा पाहू. मजकुराची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. दोन सूचना परस्परविरोधी तेव्हा ठरतात, जेव्हा त्या एकाच क्षणी पाळायच्या असतात. त्सुनामीचा धोका मिनिटांत मोजला जातो, तर संसर्गाचा धोका तासांत आणि दिवसांत. त्यामुळे कोणती सूचना आधी पाळायची हे आठ वर्षांच्या मुलालाही एका वाक्यात सांगता येते: जमीन जोरात किंवा बराच वेळ हादरली की आधी उंचावर जा, अंतर राखायचे ते वर पोहोचल्यावर. ५ मार्च २०२१ रोजी केरमाडेक बेटांजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा ऑकलंडमध्ये कोविडचे कडक निर्बंध लागू होते. न्यूझीलंडच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने त्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगितले की, सुरक्षित स्थळी जाण्याची सूचना ही साथीच्या निर्बंधांपेक्षा वरचढ आहे. शक्य असेल आणि धोका नसेल तर इतरांपासून दोन मीटर अंतर राखावे. लोक त्याप्रमाणे उंचावर गेले. गोंधळ टाळायचा तर हे वाक्य आधीच ठरलेले असावे लागते, आणि ते ठरते ते दोन्ही संकटांचा विचार एका बैठकीत केल्यावरच. दोन स्वतंत्र फायलींमध्ये दोन स्वतंत्र नियम लिहून ठेवले, तर मुलांच्या आधी शिक्षकच गोंधळतील.

मजकुरातला खरा अंश यानंतर सुरू होतो. चढण संपली, मुले वर पोहोचली, आणि लाटा तासन्‌तास येत राहू शकतात म्हणून तिथेच थांबावे लागले की दाटी ही खरी अडचण बनते. मालदीवसारख्या ठिकाणी तर ती आणखी बिकट होते. तिथे डोंगरच नाहीत, सर्वांत उंच नैसर्गिक जमीनही समुद्रसपाटीपासून अडीच मीटरच्या आसपास आहे, म्हणून भक्कम इमारतीचा वरचा मजला हाच आसरा. शे-दीडशे मुले एका जिन्याने चढून दोन खोल्यांत बसली, तर ताप-खोकल्याचे एक मूल पुरेसे आहे. पण यावरचा उपाय साथीच्या काळात बहुतेक शाळांनी स्वतःच शोधून काढला होता, तो म्हणजे वर्ग हाच गट मानायचा आणि गटागटांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. त्सुनामीच्या रंगीत तालमीतही वर्गनिहाय हजेरीच घेतली जाते. मग उंचावरच्या जागेत प्रत्येक वर्गाचा कोपरा आधीच आखून ठेवला, हवा खेळती राहील अशा खोल्या निवडल्या, आजारी मुलासाठी एक बाजू मोकळी सोडली, तर शिरगणती आणि अंतर ही दोन्ही कामे एकाच मांडणीत होतात. आश्रयस्थानात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा असावी, असा मदतकार्यातला आंतरराष्ट्रीय निकष आहे. आपल्या जागेत तो बसतो का, हे एक टेप घेऊन मुलांकडूनच मोजून घेता येते. (गणिताचा तास यापेक्षा चांगल्या कामी लागणे अवघड आहे.) दाटीची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच दोन तयाऱ्या वेगळ्या करण्याला ती आधार देत नाही.

साथीत शाळा बंद असतात हे खरे, पण त्यावरून तालीम अनावश्यक ठरत नाही. हिंदी महासागरात त्सुनामी आली तो २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. सामोआतला २००९ चा भूकंप सकाळी सातच्या आत झाला. दोन्ही वेळा शाळेची घंटा झालेली नव्हती. मूल घरी असताना त्याच्यासोबत असते ते फक्त डोक्यात बसलेले ज्ञान, आणि बंद काळात तर शाळेने दिलेले तेवढेच त्याच्याजवळ उरते. म्हणून घरापासून उंचावर जाण्याची वाट प्रत्येक मुलाने काढून आणावी, हा शाळा सुरू असतानाच द्यायचा गृहपाठ आहे.

सूचना यंत्रणेबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इथे समजूत जिवावर बेतणारी आहे. भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र हैदराबादला ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे आणि भूकंपानंतर काही मिनिटांत पहिली सूचना काढण्याची त्याची क्षमता आहे. तरीही अंदमान-निकोबारसारख्या, भूकंपप्रवण पट्ट्याला लागून असलेल्या बेटांवर पहिली लाट अर्ध्या तासाच्या आत येऊ शकते, आणि सूचना केंद्रातून निघून शाळेच्या पटांगणात पोहोचेपर्यंतचा दुवा तुटला की ती वेळ वाया जाते. २८ सप्टेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील पालू येथे लाटा अवघ्या काही मिनिटांत आल्या. याउलट सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर २००४ मध्ये भोंगा नव्हता की मोबाइल संदेश नव्हता. १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि अंगाईगीतांत जपलेली होती. जमीन हादरताच लोक टेकड्यांकडे धावले आणि सुमारे ७८ हजार वस्तीच्या बेटावर मृतांची संख्या सातच्या आसपास राहिली. बेट भूकंपकेंद्राच्या अगदी जवळचे होते. यंत्रणा हवीच, पण तिची वाट पाहणे ही तयारी नव्हे.

खर्चाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. हजेरीपटाची एक प्रत शाळेच्या कार्यालयाबाहेर ठेवायची, त्यात पालकांचा संपर्क आणि लसीकरणाची नोंद एकत्र लिहायची, पिण्याचे पाणी आणि साबण उंचावरच्या जागेत साठवायचे, कोणत्या मोठ्या मुलाने कोणत्या लहानग्याचा हात धरायचा हे ठरवायचे: यांतले प्रत्येक काम दोन्ही संकटांत उपयोगी पडते, त्यामुळे दुप्पट खर्चाची भीती निराधार आहे. जपानमधील कामाइशी शहरात ११ मार्च २०११ रोजी माध्यमिक शाळेतल्या मुलांनी प्राथमिकच्या मुलांचे हात धरून त्यांना उंचावर नेले आणि शाळेत असलेली मुले वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना भूकंपानंतर सुमारे पन्नास मिनिटे, मागेच टेकडी असताना, पटांगणात थांबवून ठेवले गेले. ७४ मुले आणि १० शिक्षक मृत किंवा बेपत्ता झाले. पालक न्यायालयात गेले. आपत्तीपूर्व नियोजनातील कसूर ग्राह्य धरून पालिका आणि प्रांत यांनी सुमारे १४४ कोटी येन भरपाई द्यावी, हा निकाल २०१९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. शाळेचा आराखडा कागदावर होता. त्यात पटांगणानंतरचे आश्रयस्थान म्हणून ‘जवळची मोकळी जागा किंवा उद्यान’ एवढेच लिहिले होते. जागेचे नाव लिहिलेले नव्हते.