‘ऍक्टिव्हेटेड’ दिसलं म्हणजे विंडोज अस्सल झालं? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

विंडोजच्या लायसन्सबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या हातोहात पुढे ढकलला जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. सेटिंगमध्ये ‘विंडोज ऍक्टिव्हेटेड आहे’ असं दिसलं की कॉपी अस्सल झाली; मग की, म्हणजे विंडोज टाकताना द्यायचा २५ अक्षरांचा कोड, कुठूनही आलेली असो. ऍक्टिव्हेशन करून देणारी फुकट टूल्स सुरक्षित आहेत, अँटिव्हायरस उगाच बोंब मारतो. जुन्या लॅपटॉपची की नव्या मशीनला बिनदिक्कत चालते. फॉरमॅट केलं की लायसन्स उडतं, म्हणून नवी की घ्यावी लागते. ऍक्टिव्हेट न केलेलं विंडोज ३० दिवसांत बंद पडतं. आणि सामान्य माणसाला याखेरीज मार्गच नाही.

यातल्या काही वाक्यांत अर्धं सत्य आहे, म्हणून तो पटतो. पटल्यावर माणसं जे करतात त्याची मला खरी काळजी वाटते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, मुलांचे फोटो आणि कामाची कागदपत्रं असतात, त्याच संगणकाचे सगळे अधिकार ती एका अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती देऊन मोकळी होतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळा मेसेज ज्या पायावर उभा आहे तो आधी बघू: ऍक्टिव्हेशन झालं म्हणजे लायसन्स मिळालं. मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स हा करार आहे. कोणती आवृत्ती, किती मशीनवर, कोणत्या अटींवर वापरायची हे त्यात ठरतं, आणि तो खरेदीतून किंवा संगणकासोबत आपल्याकडे येतो. तो करार पाळला जातोय ना, हे तपासायची तांत्रिक व्यवस्था म्हणजे ऍक्टिव्हेशन. सर्वसामान्य ग्राहकाच्या विंडोजमध्ये ही व्यवस्था २००१ साली एक्सपी या आवृत्तीबरोबर आली. त्याआधी की टाकली की काम भागायचं, आणि तीच की कितीही संगणकांवर टाकली तरी कुणाला पत्ता लागत नसे. एक्सपीपासून कीवरून तयार झालेला क्रमांक आणि संगणकाच्या आतल्या भागांवरून काढलेली खूण अशी जोडी कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागली.

ही तपासणी चुकू शकते आणि चुकलेलीही आहे. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरवर गोंधळ झाला आणि जवळजवळ १९ तास रीतसर विकत घेतलेल्या एक्सपी आणि व्हिस्टाच्या प्रती ‘अस्सल नाहीत’ असं सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा तसंच झालं. विंडोज १० प्रो वापरणाऱ्या अनेकांना अचानक ‘तुमचं लायसन्स होम आवृत्तीचं आहे’ असा संदेश दिसला आणि ऍक्टिव्हेशन गेलं. त्या काळात या लोकांचं लायसन्स रद्द झालं होतं का? अजिबात नाही. करार जागच्या जागी होता, चुकली ती तपासणी. मग याच न्यायाने, तपासणीने ‘ठीक आहे’ म्हटलं एवढ्यावरून नसलेला करार निर्माण होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हाच घोटाळा केलाय, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातून आल्यात.

आता इंटरनेटवर स्वस्तात विकल्या जाणाऱ्या की. ‘कंपनीच्या सर्व्हरने स्वीकारली म्हणजे कायदेशीर’ हा दावा वर सांगितलेल्या कारणानेच पडतो. पण अशा की येतात कुठून, हे कळलं की त्या पुढेमागे बंद का पडतात तेही कळतं. काही की मोठ्या संस्थांसाठीच्या व्हॉल्यूम करारातल्या असतात. अशी एक की ठरावीक संख्येइतकी ऍक्टिव्हेशन्स देते, आणि कुणीतरी उरलेली ऍक्टिव्हेशन्स एकेक करून विकतो. काही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सभासदत्वातून मिळालेल्या, म्हणजे फक्त चाचणीसाठी दिलेल्या असतात. काही भंगारात गेलेल्या संगणकांवरच्या स्टिकरवरून उतरवलेल्या असतात. मूळ संस्थेचा करार संपला किंवा गैरवापर लक्षात आला की ती की रोखली जाते, आणि तोवर विक्रेता दुसऱ्या नावाने दुसरीकडे दुकान मांडून बसलेला असतो.

आणखी एक बाब या मेसेजमध्ये कुठेच नाही. संस्थांसाठीचं व्हॉल्यूम करारातलं डेस्कटॉप विंडोज हे अपग्रेडचं लायसन्स असतं. त्या मशीनवर आधीपासून पात्र ऑपरेटिंग सिस्टिमचं लायसन्स असलं पाहिजे, ही त्याची पहिली अट. म्हणजे रिकाम्या संगणकासाठी तुम्ही अशी की घेतलीत, तर ती विकणाऱ्याचा हक्क क्षणभर खरा मानला तरी तुमच्या हाती पूर्ण लायसन्स येत नाही.

‘युरोपात न्यायालयानेच परवानगी दिली’ असंही या संदर्भात सांगितलं जातं. निकाल खरा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमस्वरूपी घेतलेलं सॉफ्टवेअर लायसन्स पुढे विकायला मुभा दिली. पण अटी वाचायला हव्यात. विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत वापरातून काढली पाहिजे, आणि अनेक वापरकर्त्यांसाठी एकत्र घेतलेल्या लायसन्सचे तुकडे पाडून विकता येत नाहीत. मूळ मालक कोण, त्याने वापर थांबवला का, याचा एक कागदही न देता ईमेलवर २५ अक्षरं पाठवणारा विक्रेता त्या निकालाचा आधार घेऊ शकत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा ऍक्टिव्हेटर टूल्सचा, आणि तिथे मला जरा थांबायचंय.

यातली बरीच टूल्स केएमएस नावाच्या खऱ्या व्यवस्थेची नक्कल करतात. शेकडो संगणक असलेल्या संस्थेत प्रत्येक मशीनने मायक्रोसॉफ्टशी बोलावं हे सोयीचं नसतं. म्हणून संस्थेच्या आतच एक केएमएस सर्व्हर ठेवतात आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून ऍक्टिव्हेट होतात. हे ऍक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं, संगणक दर ७ दिवसांनी त्याचं नूतनीकरण करायचा प्रयत्न करतो, आणि डेस्कटॉप विंडोजसाठी किमान २५ संगणकांनी त्या सर्व्हरशी संपर्क केल्याशिवाय तो ऍक्टिव्हेशन देतच नाही. टूल काय करतं? तुमच्याच संगणकावर किंवा इंटरनेटवर कुठेतरी खोटा केएमएस सर्व्हर उभा करतं आणि विंडोजला त्याच्याकडे वळवतं. ‘या की मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केल्यात’ असं मेसेज म्हणतो, तेही अर्धं खरं आहे. केएमएससाठीच्या सर्वसाधारण की कंपनीच्या कागदपत्रांत उघड छापलेल्या आहेत. पण ती की फक्त विंडोजला ‘केएमएस सर्व्हर शोध’ एवढंच सांगते. त्यामागे करार नसेल तर तिचा काही उपयोग नाही. काही नवी टूल्स आणखी पुढे जाऊन खोटा पुरावा दाखवतात आणि थेट मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरकडून डिजिटल लायसन्सची नोंद मिळवतात. स्क्रीनवर सगळं चोख दिसतं. तरी ते ऍक्टिव्हेशनच राहतं, कारण करार कुणी केलेलाच नाही.

सुरक्षिततेबद्दल ‘अँटिव्हायरस उगाच घाबरवतो’ हे वाक्य मला सगळ्यात बेजबाबदार वाटतं. कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’, ‘हा फोल्डर तपासणीतून वगळा’ आणि ‘ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ या तीन सूचना एकत्र मिळाल्या, तर चोराला याहून जास्त काय हवं? हा नुसता तर्क नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने केएमएसपिको या ऍक्टिव्हेटर टूलच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट पसरत असल्याचं दाखवून दिलं. क्रिप्टबॉटचं काम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि क्रिप्टो वॉलेट चोरणं. अशा प्रकारांत ऍक्टिव्हेशनसुद्धा खरोखर होतं, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो. ‘मी दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही’ हा अनुभव म्हणूनच पुरावा होत नाही. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम काम झाल्याचं सांगायला येत नाही. ज्यांनी असं टूल चालवलंय त्यांनी फक्त ते टूल डिलीट करून थांबू नये. महत्त्वाच्या फायली बाजूला काढाव्यात, विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या फाइलवरून नव्याने टाकावं, आणि पासवर्ड दुसऱ्या, भरवशाच्या उपकरणावरून बदलावेत.

जुन्या लॅपटॉपची की नव्याला चालते का? ती की कोणत्या प्रकारची आहे यावर ते ठरतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर. संगणकासोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र अटींनुसार त्याच संगणकाशी बांधलेलं असतं. तो संगणक विकला तर लायसन्स त्याच्यासोबत जातं. मेसेजमध्ये हा फरकच नाही.

फॉरमॅटचा मुद्दा पटकन आटोपता येतो, कारण तो सरळ चुकीचा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बड्या उत्पादकांच्या संगणकांत ओईएम की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच (चिपमधल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) लिहिलेली असते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट करा, तीच आवृत्ती पुन्हा टाकताना इन्स्टॉलर की तिथूनच वाचतो. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये डिजिटल लायसन्सची भर पडली. त्यात मशीनची नोंद सर्व्हरवरच राहते आणि की टाकायचीही गरज उरत नाही. खरी अडचण येते ती मदरबोर्ड बदलल्यावर, कारण संगणकाच्या भागांवरून काढलेली ती खूण मुख्यतः मदरबोर्डवर अवलंबून असते. त्यासाठी २०१६ च्या ऑगस्टमधल्या अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडायची सोय आहे. मदरबोर्ड बदलण्याआधी ते जोडून ठेवलं, तर नंतर ऍक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘या उपकरणाचे भाग बदलले आहेत’ असं सांगता येतं. अर्थात लायसन्सच्या अटी बसत असतील तरच.

याच गैरसमजाचं दुसरं रूप म्हणजे ‘विंडोज १० चा पाठिंबा संपला, आता ११ ची की घ्या’. पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण संगणक ११ च्या हार्डवेअरच्या अटींत बसत असेल तर १० चं अस्सल लायसन्स ११ लाही चालतं. बसत नसेल तर की विकत घेऊनही तो बसणार नाही.

आता ३० दिवसांचं. हे एक्सपीच्या काळात खरं होतं. ३० दिवसांत ऍक्टिव्हेट केलं नाही तर लॉगिनच होत नसे. व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीतही मुदतीनंतर जेमतेम ब्राउझर चालायचा, ते बंधन २००८ च्या सर्व्हिस पॅक १ ने सैल केलं. विंडोज १० आणि ११ मध्ये असं काही होत नाही. कोपऱ्यात सूचना दिसते, वॉलपेपर आणि रंगांसारखी वैयक्तिक मांडणी सेटिंगमधून बदलता येत नाही, पण फायली उघडतात आणि सुरक्षेची अपडेट्स येत राहतात. म्हणजे भीती घालून तुम्हाला टूलकडे ढकलायचं कारणच उरत नाही. मात्र याचा अर्थ ‘ऍक्टिव्हेट न करता कायम वापरा’ असा घेऊ नका. लायसन्सच्या अटींत वापराचा हक्क रीतसर लायसन्स आणि ऍक्टिव्हेशन दोन्हींवर ठेवलेला आहे.

तुमच्या मशीनचं काय ते तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून स्लॅश आणि डीएलआय, हे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहा. येणाऱ्या खिडकीत चॅनेल दिसतं: ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम. डीएलआयच्या जागी एक्सपीआर लिहिलंत तर ऍक्टिव्हेशन कायमचं आहे की त्याला तारीख आहे ते कळतं. घरासाठी घेतलेल्या संगणकावर ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ आणि सहा महिन्यांच्या आतली तारीख दिसली, तर विकणाऱ्याने ऑपरेटिंग सिस्टिम नसलेलं मशीन घेऊन त्यावर टूल चालवलं असण्याची दाट शक्यता आहे. जाब विचारा, बिलावर विंडोजचा उल्लेख आहे का बघा. नुसतं ‘रिटेल’ दिसलं म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. फसवून मिळवलेलं डिजिटल लायसन्सही तसंच दिसतं. शेवटी पुरावा म्हणजे खरेदीचा कागद.

राहिला ‘दुसरा मार्गच नाही’ हा दावा, त्याला जोडून लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचं ‘लिनक्सला लायसन्स नसतं, म्हणून ते भरवशाचं नाही’ हे वाक्य. लिनक्सला लायसन्स आहे, आणि ते पक्कं आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या अटींवर लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, प्रसिद्ध केलं, त्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये त्यांनी ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच्या लायसन्सखाली आणलं, आणि आजही कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. या लायसन्सनुसार तुम्ही ते कितीही मशीनवर वापरू शकता, बदलू शकता, वाटू शकता. पुढे वाटताना सोर्स कोडही उपलब्ध करून द्यावा लागतो. वापरणाऱ्याला कीची गरज नाही, म्हणून ऍक्टिव्हेशनही नाही. इथे करार आहे आणि तपासणी नाही. मॅकचंही तसंच काहीसं. २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून त्याच्या नव्या आवृत्त्या फुकट मिळतात, की मागितली जात नाही, पण लायसन्स फक्त ऍपलच्या संगणकांपुरतं आहे. सायस्टार नावाच्या कंपनीने दुसऱ्या संगणकांवर मॅक टाकून विकले, तेव्हा २००९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात ती हरली.

ज्याचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेब आणि व्हिडिओ एवढ्यावर भागतं, त्याच्यासाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच तयार प्रकार) हा पूर्ण कायदेशीर आणि फुकट मार्ग आहे. एखादं खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर विंडोजचं लायसन्स घ्यावंच लागेल, ते मी नाकारत नाही. पण निर्णयाआधी बघायला काही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स थेट सुरू होतं, आणि तुमच्या मशीनवर वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते हार्ड डिस्कला हात न लावता पाहता येतं.