अठ्ठावन्न की साठ, हा वाद नेमका कुणाचा?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा, ही मागणी महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वर येते. केंद्रात ६० आहे, अनुभव वाया जातो, असं अधिकारी म्हणतात. आमच्या जागा अडतात, असं एमपीएससीची तयारी करणारी मुलं म्हणतात. दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण डेन्मार्कमध्ये बसून हा वाद वाचताना खटकतं ते हे, की त्यात शरीराबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे २००६ च्या एका राजकीय करारानं निवृत्तीचं वय आयुर्मानाशी बांधलं गेलं. आज ते ६७ आहे आणि २०४० पासून ७० करण्याचा कायदा मे २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला. त्यावर गवंडी, छप्परकाम करणारे, वृद्धांना उचलून अंघोळ घालणाऱ्या सेविका विचारतात, ‘आमचे गुडघे तोवर टिकणार का?’ हा प्रश्न इथल्या राजकारणाला टाळता आलेला नाही. २०१९ च्या निवडणुकीआधी सोशल डेमोक्रॅट पक्षानं आर्ने नावाच्या बिअर कारखान्यातल्या कामगाराला प्रचाराचा चेहरा केलं. त्यातून आलेली योजना २०२२ पासून लागू आहे. वयाच्या ६१ व्या वर्षी कामाची ४२, ४३ किंवा ४४ वर्षं भरली असतील, तर अनुक्रमे एक, दोन किंवा तीन वर्षं आधी निवृत्त होता येतं. डॉक्टरचा दाखला लागत नाही, झिजलेली वर्षं हाच पुरावा. ज्यांची तब्येत आधीच खालावली त्यांच्यासाठी वेगळं पेन्शन आहे. तिथे तुम्ही शेवटचं काम किती करू शकता ते पाहतात. खुर्चीत बसून दुसरं काही जमेल का, असं विचारत नाहीत.

या योजनांची रक्कम फार नाही आणि गवंड्यांचा राग त्यानं शमलेला नाही. तरीही कुणाचं शरीर आधी थकतं, हा प्रश्न इथे कायद्यात उतरला.

आता बीडकडे पाहा. ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेली, अनेकींची ऐन तिशीत. २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. बाई फडात जाऊ शकली नाही तर तो कोयता अर्धा होतो आणि उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी रक्कमही घटते. तिची निवृत्ती कुठल्या वयात मोजायची? पुढे संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये, तेही कागद जुळले तर.

सरकारी नोकराला निदान रुग्णता निवृत्तिवेतन आहे, स्वेच्छानिवृत्ती आहे. शहरातल्या पन्नाशीच्या कितीतरी बायका सासूच्या अंथरुणापायी किंवा नातवंडांसाठी नोकरी सोडतात. त्या आजारी नसतात, पण घरातलं आजारपण त्यांच्याच वाट्याला येतं. इथे डेन्मार्कमध्ये वृद्धांच्या घरी मदतनीस नगरपालिका पाठवते, म्हणून मुलीला नोकरी टिकवणं सोपं जातं.

डेन्मार्कची तिजोरी आपल्याकडे नाही, हे मान्य. पण वर्षं मोजायला तिजोरी लागत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळांकडे नोंदीत हमालांच्या मजुरीचा हिशेब असतोच. ५८ की ६० यावर मंत्रालयात पुढची बैठक होईल, तेव्हा तीस वर्षं पोती वाहिलेल्या हमालाला पन्नाशीत काय मिळणार, हा विषय त्याच टेबलावर घ्या. माथाडींपासून सुरू करा आणि ऊसतोड मजुरांच्या हंगामांची नोंद आजपासून ठेवायला लागा.